पाटापलीकडची बत्ती

हे लिहायचंच नव्हतं. दोनदा कागद पुढ्यात घेतला आणि दोनदा चुलीत घातला. कारण गोष्ट काय, तर एका गड्याला आपल्या बायकोची आठवण यायची. बरं, बायको काय मुलखाबाहेर होती का? पाटाच्या पलीकडं, हाकेच्या अंतरावर. असलं ऐकून कोण हसणार नाही? 'मी' म्हणून लिहायला तर हातच धजेना. म्हणून त्या गड्याचं नाव सहादेव ठेवू, आणि सांगून टाकू एकदाचं.

कोपरगावच्या अंगाला एक साखर कारखाना होता. कारखान्याच्या कडेनं पाट वाहायचा. पाटाच्या अलीकडं उंच धुराडं, उसाची गव्हाण, साहेबलोकांचे बंगले, आणि सगळीकडं बिजली. पाटाच्या पलीकडं वीस-बावीस घरांची वस्ती, आणि तिथं काळोख. मधे पाणी किती? एखाद्या पोरानं दगड मारला तर पलीकडं पडेल एवढं. पण बिजली काही तेवढं ओलांडून आली नाही.

सहादेव वस्तीतला, कामाला कारखान्यात. पावरहौसात बोर्डावर. खटके वर करायचे, खाली करायचे, काटा बघायचा. सीझन सुरू झाला की कार्तिकापासून चैत्रापर्यंत त्याच्या बोटांखाली शेकडो बत्त्या पेटायच्या, आणि घरी गेला की चिमणीच्या उजेडात भाकरी चाचपून खायची. त्या वर्षी तर चिमणीचीही मारामार. लढाई चालू होती, रॉकेल कार्डावर, तेही कधी मिळायचं कधी नाही. दिवस मावळला की वस्तीतली घरं मिटूनच जायची.

एकदा त्यानं साहेबाला विचारलं होतं. "साहेब, दोन खांब आन् एक तार. पाटाच्या पल्याड. जास्त न्हाई, एकच बत्ती, पारावर."

साहेब चांगल्या मूडमध्ये होता. म्हणाला, "तांबं लढाईवर गेलंय सहादेव. आणि पाट सरकारचा आहे. त्याच्यावरून तार न्यायची तर मुंबईपर्यंत कागद जाईल. तोपर्यंत तुझी पोरं म्हातारी होतील."

"पोरं अजून व्हायचीत साहेब."

"मग घाई कशाला?" म्हणून साहेब हसला होता.

पण एक बत्ती होती. कारखान्याच्या पाण्याची उंच लोखंडी टाकी होती, तिच्या डोक्यावर मोठा बल्ब. दिवेलागणीला तो पेटला की त्याचा उजेड कारखान्याच्या अंगणभर पडून उरलेला पाटावर सांडायचा, आणि पाट ओलांडून पलीकडच्या काठावर चार हात रुंद पट्टा पडायचा. पिवळट, अंधुक. पण वस्तीतल्या बायांना तेवढा पुष्कळ. घरातलं रॉकेल वाचवून त्या सुपं घेऊन काठावर यायच्या. ज्वारीतले खडे निवडायच्या, पोरांच्या डोक्यातल्या उवा बघायच्या, फाटक्या लुगड्याला टाके घालायच्या. ज्या घरात पूर्वी दिवस मावळायच्या आत निवडणं-टिपणं उरकायची घाई असायची, त्या घरातली बाई आता सांजेला टाकीकडं तोंड करून निवांत बसायची. फुकटचा उजेड. कुणाला न विचारता आलेला.

त्यात सहादेवाची बायको असायची, गोजर.

गोजर नवी होती. लग्नाला दीड वर्ष. घरात सासू बनुबाई, सासरा, दोन दीर, एक नणंद, आणि सगळ्यांना मिळून दोन खोल्या. सहादेव बायकोशी बोलायचा म्हणजे काय? "पाणी." "भाकरी." "माझा सदरा." तेही तिच्याकडं न बघता, भिंतीला सांगितल्यासारखं. आईसमोर बायकोशी बोलणारा माणूस वस्तीत निर्लज्ज ठरायचा. त्यातून गोजरेचं एक व्रतासारखं होतं, तिच्या आईनं घालून दिलेलं. नवरा जेवल्याशिवाय जेवायचं नाही.

कारखान्यात मात्र डबल लागायची. दिवसपाळीचा भोंगा झाला, आणि रातपाळीचा माणूस आलाच नाही, की बोर्ड सोडून जाता यायचं नाही. बोर्ड एक मिनिटही उघडा ठेवायचा नाही. मग सकाळपर्यंत तिथंच. पहिल्या सीझनला असा एकदा अडकला. सकाळी घरी आला तर गोजर भांडी घासत होती. आदल्या दुपारची भाकरी, त्यानंतर पोटात काही नाही.

निरोप पाठवता आला असता की. वस्तीतले पाच-सहा गडी त्याच पाळीला सुटायचे. पण काय सांगणार? "माझ्या बायकोला म्हणावं जेवून घे"? असला निरोप पाठवला असता तर चैत्रापर्यंत गव्हाणीवर तेच चाललं असतं.

मग सहादेवानं युक्ती काढली. एका दुपारी गोजर पाटावर धुणं धूत होती. हा बैल धुवायच्या निमित्तानं शेजारी गेला. बैलाच्या पाठीकडं बघत म्हणाला, "भोंग्यानंतर टाकीवरची बत्ती दोनदा गेली, तर माझी डबल हाय. जेवून घ्यायचं."

ती धुणं आपटत राहिली. मग हळूच म्हणाली, "दोनदाच ना?"

"दोनदा."

एवढंच. पण त्या दिवसापासून सहादेवाचं नशीबच पालटलं म्हणायचं. डबल लागली की पूर्वी तो रातपाळीवाल्याला शिव्या द्यायचा. आता टाकीच्या खटक्याकडं हात आपसूक जायचा. खाली, वर. खाली, वर. एवढा मोठा बल्ब, साऱ्या शिवारातून दिसणारा, आणि तो फक्त एका बाईला सांगत होता, जेव.

दुःख एकच. तिकडून उत्तर यायची सोय नव्हती. पावरहौसाला वस्तीच्या अंगाला काचेची खिडकी होती. सहादेव तिथं जाऊन उभा राहायचा, पण आत लख्ख उजेड, त्यामुळं काचेत त्याचंच तोंड दिसायचं. हाताची ओंजळ काचेला लावून, डोळे बारीक करून बघायचा. काठावरच्या बाया म्हणजे नुसते ठिपके. त्यातला गोजर कोणता? तिनं पाहिलं का? उठली का? जेवली का? काही कळायचं नाही. तिच्या हातात एक बटण असतं, एक बारका बल्ब असता, तर तिनंही दोनदा मिचकावला असता. जेवले म्हणून. सहादेवाला बिजली पाहिजे होती ती एवढ्यासाठी. खोटं कशाला बोला.

आता बाया काय आंधळ्या असतात का? शेजारच्या रतनबाईनं ताडलं. बत्ती दोनदा गेली की गोजर सूप आवरून उठते. पुढच्या खेपेला विचारलं, "काय गं, टाकी तुला काय सांगती?"

गोजर भोळी. सांगून बसली. "डबल हाय म्हनून सांगती."

झालं. रतनबाईला वाटलं, टाकी कारखान्याची, म्हणजे डबल साऱ्या कारखान्याची. तिचा नवरा कानिफनाथ गव्हाणीवर उसाच्या मोळ्या टाकायचा. त्याचीही डबल! पौषात एका सांजेला बत्ती दोनदा गेली. रतनबाई घरी आली, जेवली, उरलेली भाकरी कुत्र्याला घातली आणि चूल सारवून टाकली. रात्री सारवलेली चूल सकाळपर्यंत पेटवायची नाही, हा रिवाज. तेवढ्यात दारात कानिफनाथ उभा. वेळेवर सुटलेला, दिवसभर मोळ्या उचलून भुकेनं वखवखलेला.

"वाढ."

"तुमी कसं आले?"

"पायानं! वाढ."

"टाकीनं तर सांगितलं तुमची डबल हाय म्हनून!"

त्या दिवशी कानिफनाथ पाणी पिऊन झोपला. दुसऱ्या दिवशी गव्हाणीवर त्याचं तोंड सुटलं ते सुटलंच. "ऐका रं ऐका! कारखान्याची बत्ती माझ्या बायकोला म्हनती, जेवून घे! मग म्हनावं, माझ्या चार भाकरी पन तूच थाप!" गडी पोट धरधरून हसले. मग चौकशी झाली, टाकीची बत्ती मिचकावतो कोण? हसत हसत गोष्ट गव्हाणीवरून चरकावर, चरकावरून हपिसात. आणि हपिसात कुणी हसलं नाही.

दिवस कसले होते ते ध्यानात घ्या. चलेजावला वर्षच झालेलं. कुठं तारा तोडलेल्या, कुठं रूळ उखडलेले. साहेबानं सहादेवाला उभा केला.

"कुणाला खुणा करत होतास?"

"साहेब…"

"कुणाला?"

सहादेवानं खाली मान घालून सांगितलं. साहेबाला खरं वाटलं असावं, कारण आवाज उतरला. पण म्हणाला, "मला पटलं, पण पोलिसांना पटेल का? एकानं जरी कळवलं की कारखान्याच्या टाकीवरून रोज खुणा होतात, तर मी काय सांगू? याची बायको उपाशी होती म्हणून?"

नोकरी गेली नाही, एवढीच मेहेरबानी. बोर्डावरून काढून भट्टीपाशी पिळलेल्या उसाचा भुसा ओढायला घातला. आणि वर हुकूम, बत्तीला पत्र्याची टोपी बसवायची, उजेड नुसता कारखान्याच्या आत पडेल अशी. पाटाकडं एक किरण जाता कामा नये.

"आणि ती टोपी तूच बसव," साहेब म्हणाला. "डोळे तू मिचकावलेस, झापडही तूच बांध."

बोर्डावर सहादेवाच्या जागी पुंजाराम आला. पुंजाराम त्याचा दोस्त. जामखेडच्या अंगचा, ऊसतोडीला टोळीबरोबर आलेला. बैल मेला तसा मागं राहिला आणि कारखान्यात यंत्रांचा तेलवाला म्हणून चिकटला. बायको लंकाबाई आणि दोन लेकरं तिकडं गावी, बैलगाडीनं पाच-सहा मुक्कामांची वाट. साहेबानं त्याला तिथल्या तिथं बजावलं, "बत्ती आता तुझ्या ताब्यात. टोपी एवढीशी जरी हलली तरी तुझं नाव कमी करीन."

सांजेला सहादेव टाकीवर चढला. कमरेला दोर, खाली दोर धरून पुंजाराम. बत्ती बंद होती. दिवस मावळून गेलेला, पण आभाळात थोडी लाली. वर पोचला आणि सहज मागं वळून बघितलं.

सारी वस्ती पायाखाली होती. उजेडात उभा राहून दीड वर्षात जे दिसलं नव्हतं, ते इथं अंधारात दिसलं. प्रत्येक घराच्या चुलीचा तांबडा ठिपका. त्याचं घर, दारापुढचा शेवगा, आणि ओट्यावर गोजर. हातात चिमणी घेऊन उभी होती. न पेटवता ठेवायची ती चिमणी, रॉकेल नाही म्हणून. ती पेटवून हातात. आणि वर टाकीकडं तोंड. तिला काय माहीत वर कोण चढलंय! ती रोजच अशी उभी राहत असेल का? बत्ती दोनदा गेली की दर खेपेला चिमणी दाखवत असेल का? एवढ्याशा ज्योतीचं खिडकीतून काय दिसणार होतं?

"सादेवा!" खालून पुंजाराम ओरडला. "झोपला काय वर? बसव की!"

सहादेवानं टोपी बसवली. दोन नट होते. एक पान्यानं गच्च आवळला. दुसरा बोटानं दोन फेरे फिरवला आणि सोडून दिला. का सोडला म्हणाल तर सांगता येईल, पण त्या वेळी त्यानं स्वतःलाही सांगितलं नाही. खाली उतरला. पुंजारामनं खटका वर केला. अंगणात उजेड पडला, आणि पाटाच्या काठावर काळोख.

वस्तीत मग जे व्हायचं तेच झालं. बाया सुपं घेऊन घरात परतल्या. चिमण्या परत लागल्या, रॉकेल परत पुरेना. रतनबाई गोजरेला पाटावर सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझ्या नवऱ्यानं डोळा मारला बाई, आन् आता आमी ज्वारीतले खडे दातानं निवडतो." बाया हसल्या. गोजर हसली नाही. घागर उचलून आली.

चारच दिवसांत सहादेवाला डबल लागली. भट्टीवर तर जास्तच लागायची. रात्रभर भुसा ओढत त्याचं चित्त घरी. सकाळी अंगाला भुसा चिकटलेला, तसाच पाट ओलांडायला टाकलेल्या फळीवरून पळत आला. बघतो तर चुलीपाशी गोजर, आणि तिच्याजवळ आई. दोघींची तोंडं सुकलेली. परडीत रात्रीच्या भाकरी जशाच्या तशा.

"आई, तू का न्हाई जेवली?"

बनुबाई फणकारली. "ही जेवंना, मग मला घास जातो व्हय? आन् जेव म्हनून सांगू कशाच्या जिवावर? टाकीनं काय सांगितलंच न्हाई!"

सहादेव उभा तो उभाच राहिला. "तुला… ठावं हुतं?"

"तर! दोनदा बत्ती गेली की ताट कोन वाढायचं हिला? मीच वाढायचे. म्हनायचे, बस गं, लेकानं वरडून सांगितलंय शिवारभर."

गोजरेनं पदर तोंडावर ओढला. सहादेवाला हसावं का रडावं कळेना. मग त्यानं आयुष्यात पहिल्यांदा आईसमोर बायकोकडं बघून, सरळ तोंडानं सांगितलं, "अंधार पडला आन् मी न्हाई आलो, तर जेवून घ्यायचं. बत्तीची वाट बघायची न्हाई. आजपासनं."

"बरं झालं बाई, वाचा फुटली," बनुबाई म्हणाली, आणि गोठ्याकडं निघून गेली. मुद्दामच गेली असणार.

गोजरेनं तांब्या पुढं केला. हळू आवाजात म्हणाली, "जेवीन की. जेवायचं काय मोठं हाय?" आणि मग, "पन ती दोनदा जायची ना, तवा वाटायचं, एवढ्या कामात बी तुमी हिकडंच बघताय."

"तू चिमणी धरायचीस?"

तिनं चमकून वर पाहिलं. "तुमाला दिसायची?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. "एकदाच दिसली," सहादेव म्हणाला.

माघ लागला आणि वारं सुटलं. तीन दिवस नुसतं घोंघावत होतं. तिसऱ्या सांजेला सहादेव भट्टीवरून सुटून पाटाशी आला आणि थबकला. पलीकडच्या काठावर उजेड पडला होता. पूर्वीएवढा नाही. दीड हात रुंद, विळीच्या पात्यासारखा वाकडा. टोपी फिरली होती. आणि त्या दीड हातात बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या, गुडघ्याला गुडघा लावून. रतनबाई दुसरीला म्हणत होती, "सरक की गं, सगळा उजेड तुझ्याच सुपात का?" गोजर कडेला होती. निम्मं तोंड उजेडात. निवडत नव्हती काही, नुसती टाकीकडं बघत होती.

सहादेव फळीवरून लगेच पलीकडं गेला नाही. दोन सांजा तो असाच अलीकडच्या काठावर थोडा वेळ उभा राहिला आणि मग घरी गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी पुंजाराम भट्टीवर आला. तेलकट चिंधीला हात पुसत शेजारी बसला. तंबाखू मळली, अर्धी त्याला दिली.

"टोपी फिरलीय," तो म्हणाला.

"व्हय."

"साहेब नगरला गेलाय. परवा येतोय."

सहादेवानं भट्टीत भुसा लोटला.

"एक इचारतो गड्या. दुसरा नट तू आवळला हुतास का न्हाई?"

वारं होतंच की. वाऱ्यावर घालता आलं असतं. पुंजारामनं ते मानलंही असतं, दोस्तच होता. पण त्याच्या तोंडाकडं बघून सहादेवाच्यानं खोटं निघेना. "न्हाई आवळला. जानून सोडला."

पुंजारामनं मान हलवली. रागावला नाही, हेच वाईट. "मला वाटलंच. काल पाना घिऊन मी निम्म्यापत्तुर चढलो हुतो. खाली बघितलं तर तुमच्या बाया बसल्याल्या. उतरलो लेका. हातच झाला न्हाई." तो तंबाखू थुंकला. "माझी लंका त्या काठावर असती तर मी दोन्ही नट पाटात फेकले असते, आईच्यान. पन ती तिकडं हाय. तिला कितीबी मोठी बत्ती लावली तरी हितनं दिसायची न्हाई. तिची चूल पेटती ती ह्या बोर्डावर. माझं नाव कमी झालं तर मी कोन्त्या तोंडानं जाऊ?"

भट्टीत भुसा भडभडून पेटत होता. सहादेवाला गोजरेचं ते निम्मं तोंड दिसत होतं. पुंजारामला एक शब्द बोलायचा, राहू दे दोस्ता, एवढाच. तो राहू देईल. खरंच राहू देईल. त्याचीच भीती होती.

"पुंजा," तो म्हणाला, "तू चढायचं न्हाई. मी सोडला, मीच आवळीन. उद्या उजाडायच्या आत वर जातो, दोन्ही नट पान्यानं गच्च करतो. साहेब परवा येईल तवा टोपी जागच्या जागी आसंल. आन् पुना मी त्या टाकीला हात लावनार न्हाई, तुला कधी गळ घालनार न्हाई. तुज्या लेकरांची आन घेऊन सांगतो. आजची सांज तेवढी ऱ्हाऊ दे."